गट आपला, सही जिची तिची

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतलं क्षेत्र समन्वयकांचं भाषण)



सभेत बोलले तेच वार्तापत्रासाठी पुन्हा लिहून काढलं आहे. त्या दिवशी पावसाने लांबच्या गावांतल्या जीपगाड्या आल्याच नाहीत, म्हणून तुमच्यातल्या पुष्कळजणी हे पहिल्यांदाच वाचत असाल. शेजारच्या मावशीला वाचता येत नसेल तर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. मधे थांबून भांडलात तरी चालेल.

मला दिलेला विषय होता ‘व्यक्तीचे हक्क आणि समूह’. समाजकार्याच्या कॉलेजात यावर हमखास प्रश्न यायचा. व्यक्तिवाद म्हणजे काय, समूहवाद म्हणजे काय, दोन्हींतला फरक लिहा. उत्तर लिहिलं की विषय संपला. गावात कामाला लागल्यावर कळलं की हा विषय दर आठवड्याच्या बैठकीत सतरंजीवर येऊन बसतो, फक्त तिथे त्याचं नाव वेगळं असतं. त्याचं नाव असतं ‘गटाचं ठरलंय’.

गटाचं ठरलंय, उद्या सगळ्यांनी तालुक्याला यायचं. गटाचं ठरलंय, सगळ्यांनी एकाच रंगाची साडी घ्यायची. गटाचं ठरलंय, तिला आता कर्ज द्यायचं नाही. हे ऐकलं की मी विचारते, ठरलं तेव्हा किती जणी होत्या? कोण काय बोललं? मग वही उघडली जाते. ठराव असतो, ‘सर्वानुमते मंजूर’ असं असतं, खाली बारा सह्या असतात. त्यातल्या चार सह्या नंतर घरोघरी फिरून घेतलेल्या असतात. तुमच्या गटात असं नसेल तर उत्तमच आहे.

एका गटाची गोष्ट सांगते. गाव आणि नावं सांगणार नाही, कारण त्या बाई हे वार्तापत्र वाचतात.

बारा जणींचा गट. बँकेचं पहिलं कर्ज नीट फेडलं, दुसरं मिळालं. त्यात एकीने शिलाई मशीन घेण्यासाठी आणि दुकानात माल भरण्यासाठी पैसे घेतले. सहा महिने हप्ता व्यवस्थित आला, मग बंद पडला. एक, दोन, तीन, चार हप्ते थकले. इतर जणी आपापले हप्ते भरत होत्या, पण बँकेच्या लेखी खातं एकच, गटाचं. खातं थकबाकीत दिसायला लागलं. पुढचं कर्ज अडलं. एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या, एकीच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, एकीने तर सावकाराला ‘पुढच्या महिन्यात देते’ असा शब्द देऊन ठेवला होता. बैठकीत ठरलं, तिच्या घरी जायचं आणि मशीन उचलून आणायची.

आता तुम्ही सांगा, यात चूक कोणाची? पटकन ‘बिचारी’ म्हणू नका. कर्जाच्या वेळी सगळ्या जणी बँकेच्या कागदांवर सह्या करतात. त्यात आपण एकत्र जबाबदार असतो आणि एकेकटीही जबाबदार असतो. तिने हप्ता थांबवला म्हणजे नुसता स्वतःचा हप्ता थांबवला नाही, एका पोरीची फी थांबवली. त्या मुलीलाही हक्क आहे. म्हणून ‘माझी अडचण आहे, माझं मी बघीन’ हे गटात चालत नाही.

पण मशीन उचलणं? आठ जणी गेल्या. दारात उभ्या राहिल्या. मशीन ओसरीवरच होती, तिच्यावर कोणाचं तरी अर्धवट शिवलेलं पोलकं होतं. सगळ्यांत जास्त चिडलेल्या मावशी होत्या, सावकाराला शब्द दिलेल्या. त्याच म्हणाल्या, ‘ही नेली तर ही बया फेडणार कशावर?’ मग चौकशी झाली, जी आधीच व्हायला हवी होती. कर्जातल्या पैशांतली मशीन फक्त आली होती. मालाचे पैसे नवऱ्याने मोटारसायकलच्या हप्त्यात घातले होते. कर्ज तिच्या नावावर, सही तिची, शिव्या तिला, आणि पैसा कधी तिच्या हातात आलाच नव्हता.

शेवटी गटाच्या अंतर्गत निधीतून बँकेची थकबाकी भरली आणि तिला गटाचे पैसे दर आठवड्याला थोडे थोडे द्यायला सांगितलं. ती देते आहे. सगळं गोड झालं असं मात्र नाही. दोघी अजून तिच्याशी बोलत नाहीत, एकजण गट सोडून गेली. मला त्या दोघींचाही राग येत नाही.

या गोष्टीत मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे. त्या दिवशी गटासमोर ‘थकबाकीदार’ उभी होती, आणि दारात गेल्यावर एक बाई दिसली. गटाला तिच्याकडून पैसे मागायचा पूर्ण हक्क आहे. तिची चूल, तिचं हत्यार, तिची अब्रू मागायचा हक्क नाही. या दोन्हींमधली रेघ कुठे आहे, हे प्रत्येक गटाने बसून ठरवायला हवं. चिडलेल्या दिवशी ही रेघ दिसत नाही, म्हणून शांत दिवशी ठरवावं.

खाजगी फायनान्स कंपन्यांच्या गटांत काय होतं ते तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितलं आहे. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्यांना उठू देत नाहीत. 2010 साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशात अशा वसुलीचा कहर झाला. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. तिथे बाईवर दाब टाकायला साहेब येत नव्हता. तिच्याच गल्लीतल्या चौघीजणी पुढे केल्या जात होत्या. एकमेकींना आधार देण्यासाठी जो गट बनला, तोच वसुलीचा दांडका झाला. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये सूक्ष्म कर्जासाठी नियम काढले. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर कर्जदाराला वसुलीचे फोन करायचे नाहीत, शिवीगाळ-धमकी करायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, कर्जदाराचं नाव जाहीर करायचं नाही. हे नियम बँकांसाठी आणि फायनान्स कंपन्यांसाठी आहेत. पण जे कंपनीच्या माणसाने करू नये असं आपण म्हणतो, ते आपल्या अध्यक्ष ताईंनी ग्रामसंघाच्या फळ्यावर नाव लिहून करावं का?

आता थोडं मागे जाऊ. ‘आधी गाव, मग माणूस’ असं आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, आणि ते ऐकायलाही छान वाटतं. देशाची घटना लिहायची वेळ आली तेव्हा हाच वाद झाला. काही जणांचं म्हणणं होतं की गाव हा पाया धरा. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की मसुद्यात गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला आहे, आणि त्याचा त्यांना आनंद आहे. का, ते ज्यांच्या आज्या-पणज्यांना विहिरीवर चढू दिलं नाही त्यांना समजावून सांगावं लागत नाही. ‘गावाचं ठरलंय’ या दोन शब्दांनीच त्यांना पाणी नाकारलं होतं.

पण त्याच बाबासाहेबांचं महाड बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करा असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्येच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर एकेका माणसाला हक्क होता. प्रत्यक्षात एकटा माणूस ओंजळ भरायला जाऊ शकत नव्हता. 20 मार्च 1927 ला हजारो लोक मिळून गेले, तेव्हा त्या तळ्याचं पाणी प्यायले. आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला 1937 उजाडलं. हक्क एकेकाचा, पण तो मिळवायला चालत गेला जमाव. कॉलेजात आम्ही व्यक्ती आणि समूह असे दोन रकाने पाडायचो. महाड मला कधीच एका रकान्यात बसवता आलं नाही.

गावाचं, जातीचं दडपण संपलं म्हणू नका. जातपंचायतीने घर वाळीत टाकायचं, लग्नाला बोलवायचं नाही, किराणा द्यायचा नाही, हे अगदी परवापरवापर्यंत चालू होतं आणि अजूनही कानावर येतं. त्यासाठी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याच्या नावातच ‘व्यक्ती’ आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण वाळीत टाकणारा नेहमी समूह असतो.

आता सगळ्यांत जवळच्या समूहाबद्दल. तो म्हणजे घर.

आपल्या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. माणसं दोन, कोयता एक. पहाटे उठून भाकऱ्या ती करते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि हिशेब होतो त्याच्याबरोबर. तिची मजुरी किती, असं विचारलं तर मुकादम हसतो, कारण त्याच्या वहीत ती बाई वेगळी नाहीच. मी जेव्हा ‘व्यक्तीचा हक्क’ म्हणते तेव्हा मला अमेरिकेतलं काही म्हणायचं नसतं. त्या वहीत तिचं नाव वेगळ्या ओळीवर यावं, एवढंच म्हणायचं असतं.

तीच गोष्ट माहेरच्या जमिनीची. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच मुलाइतका वाटा मिळाला. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. दुरुस्ती झाली त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा घोळ होता. तो 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला, हयात असण्याची अट नाही. एवढं सगळं असून तलाठी कार्यालयाबाहेर दर महिन्याला बहिणी हक्कसोड पत्रावर सही करताना दिसतात. विचारलं की म्हणतात, ‘माहेर तुटेल.’ ही भीती खोटी नाही. दिवाळीला जायला घर नको का? ज्या बाईला खरोखर विचार करून भावाला जमीन द्यायची आहे तिने जरूर द्यावी, तोही तिचाच हक्क. पण कागदात काय आहे ते तिला वाचून न दाखवता, गाडीत बसवून आणून, ‘इथे सही कर’ म्हणणं म्हणजे देणं नव्हे. ते काढून घेणं झालं.

गंमत बघा, याच बायका गटात वीस हजाराच्या कर्जावर तीन बैठका चर्चा करतात. व्याज किती, हमी कोणाची, सगळं विचारतात. आणि तीन एकरावर दोन मिनिटांत सही.

दुसरी बाजू मी विसरलेले नाही. गट नसता तर आपल्यातल्या कितीजणी बँकेच्या काचेच्या दरवाजातून आत गेल्या असत्या? सातबारा नाही, सोनं नाही, अशा बाईला एकटीला कोण कर्ज देतं? गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवायची नाही, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. एखादीच्या नवऱ्याचं पीककर्ज त्याच बँकेत थकलं म्हणून साहेब गटाचं कर्ज अडवतात, ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. सूचना सांगतात की सदस्याच्या किंवा तिच्या घरच्यांच्या थकबाकीवरून सहसा गटाचं कर्ज अडवू नये, मात्र गट स्वतः थकबाकीत नसावा. हे एकट्या बाईने काउंटरवर सांगितलं तर कोणी ऐकत नाही. दहाजणी ठरावाची प्रत घेऊन गेल्या की खुर्च्या मिळतात.

आणि दारूबंदीचं मतदान? ते तर मला फार आवडतं. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. नुसत्या आलेल्यांपैकी निम्मी चालत नाहीत, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे एकजूट पाहिजेच, घरोघर जाऊन बायकांना बाहेर काढावं लागतं. पण मत मात्र गुप्त. जिचा दीर ते दुकान चालवतो तीसुद्धा पडद्याआड जाते तेव्हा एकटी असते, आणि बाहेर आल्यावर तिला कोणी विचारू शकत नाही. ज्याने ही पद्धत बसवली त्याला बायकांच्या घरातलं बरंच कळत असणार.

मग मी आपल्या गटांकडे बघते. आपल्याकडे पडदा आहे का? अध्यक्ष निवडायची वेळ आली की हात वर करायला सांगतात. समोर सरपंचांच्या घरच्या ताई बसलेल्या. कोण हात खाली ठेवणार? पुढच्या निवडीला चिठ्ठी टाकून बघा. एक डबा आणि बारा कागदाचे तुकडे, याला खर्च नाही.

अजून एक, आणि हे मी ज्यांच्याविषयी बोलते आहे ते पुढच्या रांगेत बसले होते तेव्हाही बोलले. कुठलाही कार्यक्रम असो, कोणाचाही वाढदिवस, कोणाचीही सभा, ‘गटाच्या बायका आणा’ असा निरोप येतो. टेम्पो येतो. न येणारीला दंड लावतात, काही ठिकाणी तर ‘पुढच्या कर्जाच्या वेळी बघू’ म्हणतात. बैठक चुकवली तर दंड, हे बरोबर आहे, तो नियम आपण मिळून केला आहे. कोणाच्या सभेत टाळ्या वाजवायला गेली नाही म्हणून दंड, हा नियम कोणी केला? मजुरीचा दिवस बुडवून कुठे बसायचं आणि कोणाचा झेंडा धरायचा, हे जिचं तिने ठरवावं. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये आहे. तो बाईचा हक्क आहे. बाई संघटनेची मालमत्ता होत नाही.

तुमच्यातल्या एका ताईंनी सभेत मला विचारलं, ‘मॅडम, प्रत्येकीला सोडून दिलं तर गट टिकेल का?’ प्रश्न बरोबर आहे. मी म्हटलं, हप्त्याला सोडायचं नाही, हजेरीला सोडायचं नाही, हिशेबाला तर अजिबात नाही. हे नियम आपण येताना मान्य केलेत. पण विरोधात बोलणारीला बोलू द्या आणि तिचं म्हणणं वहीत लिहा. एका गटाने आता ठराव वहीत ‘बाजूने 9, विरोधात 2’ असं लिहायला सुरुवात केली आहे. विरोधातल्या दोघी पहिल्यांदा घाबरल्या होत्या. आता त्यांच्यातली एकजण दर बैठकीत विरोधच करते, त्याचाही इतर जणींना वैताग आला आहे! पण गट टिकून आहे. हिशेबातली 400 रुपयांची चूक तिनेच काढली.

वही बघायचा हक्क प्रत्येक सदस्याचा. नुसता सचिवाचा नाही. कोऱ्या पानावर अंगठा किंवा सही घेऊ नका, देऊ नका. जिला वाचता येत नाही तिला ठराव वाचून दाखवा, आणि वाचून दाखवणारी दुसरी असावी, लिहिणारी नको.

आणि गट सोडायचा हक्क. मघाशी सांगितलं त्या गटातून एकजण बाहेर पडली. तिची बचत मिळायला पाच महिने लागले, कारण ‘गटाचं ठरलं नव्हतं’. ती काही कर्ज बुडवून गेली नव्हती, तिला फक्त राहायचं नव्हतं. पै पै करून टाकलेली बचत तिची आहे. तिच्याकडचं येणं वळतं करून बाकी किती दिवसांत द्यायची, व्याजाचा वाटा द्यायचा की नाही, हे ती जायच्या आधी लिहिलेलं असतं तर भांडण झालं नसतं. लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणाऱ्या पोरी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, नवऱ्याच्या मागे शहरात गेलेल्या, यांच्यासाठी ही ओळ लागतेच.

पुढच्या महिन्यात सगळ्या ग्रामसंघांच्या बैठकीत मी गटांच्या नियमावल्या वाचायला घेणार आहे. आत्तापर्यंत बघितलेल्या बहुतेक नियमावल्यांत ‘सदस्य बाहेर पडल्यास बचत परत देण्याची मुदत’ या ओळीपुढे जागा कोरी आहे. तुमच्या गटात बसून ती भरून आणा. आठ दिवस लिहा, महिना लिहा, तुमचं तुम्ही ठरवा. विरोध असेल तर किती जणींचा, तेही शेजारी लिहा. येताना ठराव वही, बचतीची पासबुकं आणि गटाचा शिक्का घेऊन या. जेवणाची सोय ग्रामसंघाकडे आहे, ताट-वाटी मात्र आपापली आणावी.